मेपलच्या राईत मुलांचा वाटा

फेब्रुवारी सरत आला की कॅनडाच्या ऑन्टारिओ आणि क्युबेक प्रांतांत, तसेच अमेरिकेच्या व्हर्माँट, न्यूयॉर्क, मेन या राज्यांत मेपलवाले रोज दोन आकडे बघतात : रात्रीचा पारा आणि दुपारचा पारा. रात्री उणे चार-पाच, दुपारी शून्याच्या वर चार-पाच, असे दिवस लागले की मेपलच्या खोडातून रस ठिबकू लागतो. व्हर्माँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते आणि जुन्या रिवाजाप्रमाणे झाडांना तोट्या ठोकायचा मुहूर्तही तोच. दक्षिण ऑन्टारिओत हंगाम त्याच्याही आधी उघडतो. चार ते सहा आठवडे हे चालते. बर्फ पुरते वितळलेले नसते, पायवाटांचा चिखल झालेला असतो, झाडावर एक पान नसते, आणि नेमक्या याच काळात शाळांच्या बसगाड्या राईंकडे वळतात. टोरांटोजवळच्या कॉर्ट्राइट आणि ब्रूसेस मिल इथल्या मेपल महोत्सवांना मार्चच्या सुट्टीत तिथली मराठी घरेही मुलांना घेऊन जातात. पाडवा कधी मार्चच्या उत्तरार्धात, कधी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, त्यामुळे त्या मुलांचा पाडवा आणि हा रसाचा हंगाम बरेचदा एकमेकांना खेटून असतात.

या विषयावर लिहिले गेले आहे पुष्कळ, पण तुकड्यातुकड्याने. वनस्पतिशास्त्रज्ञ रसाबद्दल लिहितात, बालरोगतज्ज्ञ मोकळ्यावरच्या खेळाबद्दल, अर्थशास्त्राचे अभ्यासक क्युबेकच्या सिरपच्या राखीव साठ्याबद्दल, आणि आदिवासी लेखक आपल्या हिरावल्या गेलेल्या राईंबद्दल. हे सगळे शेजारी शेजारी मांडले की एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : या कामात मुलाला खरा वाटा मिळतो का? मिळत असेल तर वसंतातल्या मेपलच्या राईइतकी चांगली शाळा मिळणे अवघड. मिळत नसेल तर ती फक्त गोड खाऊची सहल.

मूल आणि मेपल यांचे नाते किती जुने आहे हे समजून घ्यायचे तर निश्नाबेग या आदिवासी लोकांची एक कथा ऐकावी लागते. लिअॅन बेटासामोसाके सिम्पसन या निश्नाबेग विदुषीने २०१४ साली लिहिलेल्या एका निबंधात ती सांगितली आहे. क्वेझेन्स नावाची लहान मुलगी वसंताच्या तोंडावर जंगलात भटकत असते. तिला एक लाल खार दिसते. खार मेपलची साल कुरतडते आणि चोखते, पुन्हा कुरतडते, पुन्हा चोखते. मुलगी तिचे पाहून तेच करते. रस गोड लागतो. मग ती लाकडाचा तुकडा कोरून पन्हळ करते, खोडाला लावते, खाली भांडे ठेवते आणि साठलेला रस आईकडे नेते. आई त्यात मांस शिजवते. शिजता शिजता पाणी आटते, मांस गोड होते. दुसऱ्या दिवशी मुलगी सगळ्या मोठ्यांना ते झाड दाखवायला घेऊन जाते. सिम्पसन या कथेतून शिक्षणाचा एक संपूर्ण विचार उभा करतात. मुलीला जंगलात एकटीने फिरायची मोकळीक होती, खारीला गुरू मानायची बुद्धी होती, आणि तिने घरी येऊन सांगितले ते घरच्यांनी खरे मानले. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. आपल्याकडे असो वा तिकडे, मुलाने सांगितलेल्या शोधावर मोठी माणसे सहसा हसून पुढे जातात.

कथेतली खार कल्पनेतली नाही. बर्न्ड हाइनरिख या जीवशास्त्रज्ञाने मेनच्या जंगलात लाल खारींचा माग घेतला आणि १९९२ मध्ये निरीक्षणे छापली. खारी मेपलला चावा घेऊन निघून जातात. रस खोडावरून ओघळतो, उन्हावाऱ्याने त्यातले पाणी उडते, आणि मागे राहिलेली साखर खायला खारी परत येतात. म्हणजे आटवणेसुद्धा खारीला ठाऊक आहे, फक्त चूल तेवढी सूर्याची. विज्ञानाच्या नियतकालिकात ही गोष्ट यायच्या कितीतरी आधीपासून निश्नाबेग आज्या ती नातवंडांना सांगत होत्या.

युरोपीय लोक येण्याआधीपासून अनिशिनाबे, होडेनोशोनी आणि आबेनाकी कुटुंबे वसंतात राईत मुक्काम हलवत. रस बर्चच्या सालीच्या भांड्यांत गोळा होई आणि बहुतेक सगळा आटवून कोरडी साखर केली जाई, कारण साखर टिकते, वाहून नेता येते, वर्षभर पुरते. होडेनोशोनी लोक आजही हंगामाच्या सुरुवातीला मेपलचे आभार मानण्याचा विधी करतात. या मुक्कामात मुलांना वेगळे बसवलेले नसे. लाकडे आणणे, भांडी बघणे, रस ओतणे ही त्यांचीच कामे. कॅनडाच्या सरकारने आणि चर्चनी चालवलेल्या निवासी शाळांनी ही साखळी तोडली. एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत आदिवासी मुले घरापासून तोडून त्या शाळांत ठेवली गेली, आणि राईत शिकण्याच्या वयाचे वसंत त्यांनी चार भिंतींत काढले. आज अनेक आदिवासी समाज आपापल्या राईंचे मुक्काम पुन्हा उभे करत आहेत. मेपल महोत्सवाच्या फलकावर ‘आदिवासींनी हे शोधले’ अशी एक ओळ लिहून हा हिशेब चुकता होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांना सांगायचेच तर पुरते सांगावे.

आता रसाकडे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला झाडाच्या रसापासून गूळ होतो यात नवल वाटणार नाही. माडाचा गूळ गोव्यात नीरा काढणारे रेंदेर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. पण माडाची नीरा फुलोऱ्यातून येते, पानांनी तयार केलेले अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांतून, आणि म्हणून ती आधीच चांगली गोड असते. मेपलचा रस लाकडातल्या पाण्याच्या नलिकांतून येतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के. तोंडात घेतला तर पाणीच वाटते, मागून किंचित गोडवा येतो. पहिल्यांदा चाखणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर निराशाच दिसते.

ही साखर मागच्या उन्हाळ्याची. पानांनी तयार केलेली, स्टार्च म्हणून लाकडात साठवलेली, थंडीत पुन्हा साखर झालेली. रस वाहण्याचे कारण मात्र मेपलच्या लाकडाच्या बांधणीत आहे. बहुतेक झाडांच्या लाकडी तंतूंत पाणी असते, मेपलच्या तंतूंत वायू असतो. रात्री गोठण सुरू झाली की तंतूंच्या आत बर्फाचा थर धरतो, वायू आकसतो आणि मुळांकडून पाणी वर ओढले जाते. दिवसा बर्फ वितळले की दाबलेला वायू फुगतो, रसावर दाब येतो आणि खोडाला भोक असेल तर रस बाहेर पडतो. नुसती उष्णता आली तर रस येत नाही, नुसती थंडी राहिली तरी येत नाही. गोठणे आणि वितळणे यांची आवर्तने लागतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे पुस्तकातून समजावणे कठीण आहे. पण रोज सकाळ-दुपार तापमापी वाचायला लावा, बादलीतली पातळी काठीवर खुणेने मोजायला लावा आणि दोन्ही एका कागदावर मांडायला लावा. दोन आठवड्यांत मूल स्वतःच सांगते की उद्या रस येईल की नाही.

गणितही असेच हातात सापडते. व्हर्माँट विद्यापीठातल्या जोन्स यांनी १९४६ मध्ये सोपा नियम सांगितला : ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, म्हणजे आटवून एक माप सिरप करायला किती मापे रस लागेल ते कळते. दोन टक्क्यांना त्रेचाळीस मापे. बादली लावलेले एक भोक अख्ख्या हंगामात साधारण चाळीस लिटर रस देते. म्हणजे एका भोकाचे वर्षाचे सिरप जेमतेम लिटरभर. हा आकडा ऐकणे वेगळे आणि चाळीस लिटर पाणी दिवसभर वाफ होऊन उडताना पाहणे, त्यासाठी लाकडे वाहणे वेगळे. ज्या मुलाने ती लाकडे वाहिली ते मूल ताटातले सिरप टाकून उठत नाही.

मुलांच्या या श्रमांचा इतिहास मात्र सरळ नाही. १७९० च्या सुमारास अमेरिकेत गुलामगिरीविरोधी क्वेकर पंथाची मंडळी आणि डॉक्टर बेंजामिन रश यांनी मेपलच्या साखरेचा जोरदार पुरस्कार केला. कॅरिबियन बेटांवरची उसाची साखर गुलामांच्या रक्तावर पिकत होती. थॉमस जेफरसन यांनीही पत्रात लिहिले की ज्या साखरेला फक्त मुलांचे श्रम लागतात ती साखर मिळणे हे भाग्यच. स्वतः शेकडो माणसांना गुलाम म्हणून राबवणाऱ्याने हे लिहावे, हा त्या काळाचा अंधार आहे. त्यांनी १७९१ मध्ये माँटिसेलो या आपल्या मळ्यात मेपलची रोपे लावली, पण राई काही उभी राहिली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांची मुले खरोखरच हंगामात शाळा बुडवून बर्फातून बादल्या वाहत. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३२ च्या पहिल्या कादंबरीत आजोबांच्या घरचा साखरेचा हंगाम आणि त्या रात्रीचा नाच येतो, तो याच जगातला. त्या बादल्यांची आठवण गोड करून सांगताना त्यांचे वजनही सांगितले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामातून मुले हळूहळू बाहेर पडली, आणि त्यांना कोणी हाकलले नाही, यंत्रांनी त्यांची गरज संपवली. बादल्यांच्या जागी झाडाझाडांना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या, मग रस ओढणारे पंप, मग उकळण्याआधीच पाण्याचा मोठा भाग गाळून काढणारी यंत्रे. एकटा क्युबेक आज जगातले सुमारे सत्तर टक्के सिरप करतो. तिथल्या उत्पादकांच्या संघाने २००० पासून राखीव साठाही ठेवला आहे. २०११-१२ मध्ये त्यातून सुमारे तीन हजार टन सिरप चोरीला गेले. व्हर्माँटच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की शेंडा छाटलेल्या रोपट्यांतूनही पंपाने रस ओढता येतो. म्हणजे उद्या मेपलचे पीक ओळीत लावून घेता येईल आणि जंगलाचीही गरज उरणार नाही. उत्पादकाच्या बाजूने पाहिले तर मला त्यात दोष काढता येत नाही. पण मुलांसाठी राई हवी असेल तर ती आता मोठ्या व्यवसायात सापडणार नाही. ती परसातल्या तीन झाडांत, शाळेमागच्या झाडीत आणि संवर्धन क्षेत्रांत शोधावी लागेल.

महोत्सवांनी ही जागा काही अंशी भरली आहे. ऑन्टारिओच्या एल्माइरा गावातला उत्सव १९६५ पासून भरतो; क्युबेकच्या साखरघरांत लांबलचक बाकांवर बसून जेवणे हा तिथल्या लोकांचा वसंतातला खरा सण आहे. तिथली मुलांची सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे स्वच्छ बर्फावर ओतलेला घट्ट पाक. सिरप तयार होते पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या चार अंश वर. त्याच्याही पुढे आणखी आटवून बर्फावर धार धरली की ते क्षणात चिवट होते, काडीवर गुंडाळून खायचे. ही मजा मी कोणाही मुलाला नाकारणार नाही. तरी बहुतेक ठिकाणी मुले दोरीच्या अलीकडे उभी राहतात, काम पलीकडे चालते, आणि अर्ध्या तासात पॅनकेकच्या रांगेत जातात. गुऱ्हाळावर बसून काहिलीवरची मळी काढलेली पाहिलेल्या मराठी माणसाला हा फरक लगेच कळेल.

मुलांना मोकळ्यावर ठेवल्याने काय होते, याबद्दल गेल्या तीस वर्षांत बरेच संशोधन झाले. त्याचे वजन सारखे नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सर्वांत भक्कम पुरावा डोळ्यांचा आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या बारा शाळांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज शाळेत चाळीस मिनिटे जादा बाहेर ठेवले. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, बाकीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा, फिनलंडचा २०२० चा प्रयोग : बालवाडीच्या अंगणात जंगलातली माती आणि झुडपे आणून टाकली, आणि अठ्ठावीस दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे जीवाणू अधिक विविध झाले, रक्तातली प्रतिकारव्यवस्थेची काही मोजमापेही सुधारली. त्यावरून मुले कमी आजारी पडली असे म्हणता येत नाही. प्रयोग लहान आहे, दिशा मात्र आशादायक आहे. मारिआना ब्रुसोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जोखमीच्या खेळावरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांना एकंदर परिणाम चांगले दिसले, पण पुराव्याचा दर्जा अगदी कमी ते मध्यम आहे, हे त्यांनीच नोंदवले. रिचर्ड लूव यांच्या २००५ च्या गाजलेल्या पुस्तकाने निसर्गाच्या अभावाला जवळजवळ आजाराचे नाव दिले. त्या पुस्तकाने अनेक पालकांना जागे केले हे खरे, पण ते नाव म्हणजे वैद्यकीय निदान नाही आणि तसे समजू नये.

शाळांचा अनुभव मला संशोधनाइतकाच मोलाचा वाटतो. जंगलातल्या बालवाड्या डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात सुरू झाल्या, जर्मनीत फ्लेन्सबर्गच्या बालवाडीला १९९३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, कॅनडात ओटावाजवळच्या कार्प इथे २००७ मध्ये अशी पहिली शाळा निघाली. व्हर्माँटच्या क्वीची गावातल्या साध्या सरकारी शाळेने २०१३ पासून बालवाडीची मुले दर सोमवारी दिवसभर जंगलात न्यायला सुरुवात केली. पाऊस असो, बर्फ असो. श्रीमंतांच्या खासगी शाळेपुरते हे मर्यादित नाही, हे त्या शाळेने दाखवून दिले.

थंडीत मुलांना बाहेर न्यायचे म्हटले की मराठी घरांत अजूनही पहिला शब्द ‘सर्दी होईल’ हाच निघतो. थंडीत बाहेर गेल्याने सर्दी होत नाही, विषाणूने होते. ओले मोजे आणि अपुरे कपडे मात्र मुलाचा दिवस नासवतात. म्हणून मोज्यांचे दोन जोड आणि चिखलाचे बूट आधी घ्यावेत, खाऊ नंतर.

खरे धोके वेगळे आहेत. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जोखमीच्या खेळाला पाठिंबा देताना एक उपयोगी भेद केला : मुलाला जी दिसते, जिचा अंदाज घेऊन ते पाऊल टाकू शकते ती जोखीम, आणि जे मुलाला दिसूच शकत नाही तो धोका. नॉर्वेच्या एलेन सांडसेटर यांनी २००७ मध्ये जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले : उंची, वेग, घातक हत्यारे, आग-पाण्यासारखी घातक तत्त्वे, दंगामस्ती आणि एकट्याने भटकणे. मेपलच्या राईत एका दिवसात हे सहाही येतात. हातगिरमिटाने भोक पाडणे ही जोखीम. सहा वर्षांचे मूल मोठ्याचा हात मागे असताना ते करू शकते आणि करावेच. उकळता रस हा धोका. तो पाण्यापेक्षा जास्त तापतो, चिकट असतो, कातडीला धरून ठेवतो. चुलीभोवती दोऱ्या बांधून किंवा ओंडके आडवे टाकून एक रेघ आखावी, आणि तिच्या आत फक्त लाकूड घालण्याची पाळी ज्याची तेच मूल मोठ्यासोबत जाईल. ओढ्यावरचे पातळ बर्फ हाही धोका. वारा जोराचा असेल तर वाळक्या फांद्यांखाली थांबू नये. आणखी दोन गोष्टी पालकांना सहसा सुचत नाहीत. जुन्या बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या बादल्यांच्या सांध्यांना शिशाचा डाग दिलेला असू शकतो. अशी बादली भिंतीवर शोभेला ठेवावी, रसाला वापरू नये. आणि पारा चार अंशांच्या वर गेला की काळ्या पायांच्या गोचिडी जाग्या होतात. त्या लाइम रोग पसरवतात, म्हणून घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यांमागे, काखेत, केसांत नीट बघावे.

कामाइतकाच खेळ महत्त्वाचा, आणि तो वेगळा ठरवावा लागत नाही. रस आटायला दिवस लागतो. मोठ्यांना चूल सोडता येत नाही, मुलांना करण्यासारखे काही उरत नाही, आणि मग ती ओढ्याला बांध घालतात, ओंडक्यांचा पूल करतात, सालीच्या होड्या सोडतात. सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडले होते की ज्या जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जास्त, तिथे मुलांची कल्पकता जास्त. वसंतातली राई अशा वस्तूंनी भरलेली असते. पानगळीच्या जंगलात याच दिवसांत काही फुलेही येतात, झाडांना पाने फुटायच्या आत आपला हंगाम उरकून घेणारी : हेपॅटिका, लाल रसाचे कंद असलेले ब्लडरूट, नंतर ऑन्टारिओचे प्रांतपुष्प ट्रिलियम. पाने फुटली की जमिनीवर ऊन पोचत नाही, म्हणून त्यांची ही घाई.

झाड ओळखणे हे मुलांच्या आवडीचे कोडे आहे. पाने नसताना मेपल ओळखायचा तो फांद्यांच्या जोड्यांवरून. समोरासमोर फांद्या फुटणारी मोठी झाडे तिथे थोडीच, मेपल आणि अॅश. साखरमेपलची कळी तपकिरी आणि टोकदार, लाल मेपलची तांबडी आणि बोथट. खात्री हवी असेल तर शरदात पानांवरून झाडे ओळखून त्यांना रंगीत फीत बांधून ठेवावी. ते काम मुले वर्षभर विसरत नाहीत.

या सगळ्यावर हवामानबदलाची सावली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की या शतकाच्या अखेरीस हंगामाचा मध्य सुमारे महिनाभर आधी येईल आणि रसाला सर्वांत अनुकूल पट्टा सुमारे चारशे किलोमीटर उत्तरेला सरकेल. माणसे यंत्रे हलवू शकतात, झाडे नाही. भोक पाडण्याजोगे झाड व्हायला चाळीसेक वर्षे लागतात. शाळांचे वेळापत्रक मात्र अजून मार्चच्या सुट्टीलाच चिकटून आहे. दक्षिण ऑन्टारिओत उबदार वर्षी तोवर निम्मा रस येऊन गेलेला असतो. सहलींच्या तारखा आता पाऱ्यावर ठरवायला हव्यात, कॅलेंडरवर नव्हे.

हंगाम संपल्याची खूण झाडाच्या कळ्या देतात. त्या फुगल्या की रसाला उग्र चव येते. डबक्यांत बेडूक ओरडू लागले की मेपलवाले तोट्या काढतात. हंगामाच्या शेवटचे सिरप गडद आणि ठसठशीत असते. दुकानात फिकट सोनेरीला मान आहे, पण मला हे गडद जास्त आवडते, भाकरीबरोबर तर विशेषच. तोट्या काढून गरम पाण्याने धुणे, बादल्या उपड्या वाळवणे ही मुलांची शेवटची कामे. भोकात बूच मारायचे नाही, रंग लावायचा नाही. झाड एक-दोन वर्षांत ते स्वतः बुजवते. आत मात्र भोकाच्या वर आणि खाली लाकडाचा एक पट्टा मरून डागाळतो आणि त्यातून पुन्हा रस येत नाही. म्हणून पुढच्या वर्षी गिरमिट हातात घेण्याआधी मुलांनी खोडाभोवती फिरून बोटांनी जुने व्रण शोधायचे, आणि नवे भोक त्यांच्यापासून बाजूला, वेगळ्या उंचीवर घ्यायचे.